भूकंपाची नोंद कशी वाचायची, आणि ‘अमुक तारखेला येणार’ म्हणणाऱ्याला काय विचारायचं

सकाळी साडेआठला भूकंपमापकाचा फिरता ड्रम थांबवायचा, काल लावलेला कागद उतरवायचा, नवा चढवायचा. कोयना खोऱ्यातल्या एका वेधशाळेत हे काम मी वर्षानुवर्षं केलं. नवा कागद म्हणजे गुळगुळीत आर्ट पेपर. तो ड्रमवर ताणून गुंडाळायचा आणि सांधा असा घ्यायचा की सुई त्यावरून अलगद उतरली पाहिजे, अडकली नाही पाहिजे. मग खाली रुंद वातीचा रॉकेलचा दिवा धरून ड्रम हाताने फिरवत राहायचं, काजळीचा थर एकसारखा बसेपर्यंत. थर जाड झाला तर सुई ओढली जाते, पातळ झाला तर रेघ दिसत नाही. पुढचे चोवीस तास सुई ती काजळी खरवडत जाते, काळ्यावर पांढरी रेघ उमटत राहते. दुसऱ्या दिवशी सांध्यावर कापलेला कागद स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेतून ओढून काढायचा आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घालायचा. लाख बसायच्या आधी बोट लागलं तर तो ठसा सरकारी दप्तरात कायमचा. माझे बरेच असतील.

आता काजळी गेली, दिवा गेला, सगळं संगणकावर आलं. मी निवृत्त होऊन कराडला राहतो. लोकांचा प्रश्न मात्र तोच आहे: “नाना, पुढचा कधी?” गेल्या पावसाळ्यात भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी अमावास्येचा मुहूर्त काढून सात रिश्टरचा भूकंप जाहीर केला. दोन घरांनी त्या रात्री ओसरीत अंथरुणं टाकली. हसण्यासारखी गोष्ट नाही ही. आमच्या खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ ची पहाट पाहिलेली माणसं अजून आहेत. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. चार वाजून एकवीस मिनिटांनी आईने मला गोधडीसकट अंगणात आणून टाकलं, एवढंच आठवतं. आणि जमिनीतून आलेला तो आवाज. आमच्याकडे त्याला गुडगुड म्हणतात.

तर कधी, हे मला सांगता येत नाही. जगात कुणालाच येत नाही. पण झालेला धक्का किती लांब झाला, केवढा होता, कुठे झाला आणि पुढे काय होण्याची शक्यता किती, हे बरंचसं तुम्ही स्वतः काढू शकता. त्याला पदवी लागत नाही. वही, परकार आणि थोडी चिकाटी पुरते.

आधी दोन लाटा ओळखा

भूकंप झाला की खडकातून दोन मुख्य लाटा निघतात. पहिली, प्राथमिक लाट, आम्ही नुसतं ‘पी’ म्हणतो. ती खडकाला पुढे-मागे दाबत जाते, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. दुसरी, दुय्यम, म्हणजे ‘एस’. ती खडकाला आडवं हलवत जाते, सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर. घरात आधी बारीकसा टकटक आवाज येतो, खिडकीची काच थरथरते, आणि मग मोठा हिसका बसतो. तो हिसका ‘एस’चा.

कराडहून एकाच वेळी दोन गाड्या सुटल्या, एक बिनथांबा आणि एक थांबत जाणारी, तर मलकापूरला त्यांच्यात फरक जेमतेम, पाटणला बराच. तुम्ही पाटणच्या थांब्यावर उभे राहून दोन गाड्यांमधला वेळ मोजलात तर डेपो किती लांब आहे ते सांगू शकाल, गाड्या सुटल्या किती वाजता ते माहीत नसलं तरी. भूकंपाचं अंतर असंच निघतं. ‘पी’ आणि ‘एस’ यांच्यातले सेकंद मोजा आणि त्याला आठाने गुणा. आलं ते किलोमीटरमधलं अंतर. (आठच का? ६ गुणिले साडेतीन, भागिले त्यांच्यातला फरक अडीच: ८.४ येतात. जवळच्या भूकंपांना आठ धरून चालतं. शेकडो किलोमीटरवरच्या भूकंपाला हा पाढा लावू नका. तिथे लाटा खोलवरच्या, वेगवान खडकातून येतात.)

आमच्या काजळीच्या ड्रमवर मिनिटाला ६० मिलिमीटर कागद फिरायचा, म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे एक सेकंद. पट्टी ठेवली की झालं. समजा ‘पी’चा पहिला झटका आणि ‘एस’ची मोठी उडी यांत साडेतीन मिलिमीटर भरले, तर अंतर २८ किलोमीटर. भिंग घेऊन अर्ध्या मिलिमीटरवरून आम्ही भांडायचो, कारण अर्धा मिलिमीटर म्हणजे चार किलोमीटर, म्हणजे आमच्याकडे एक अख्खा डोंगर.

‘पी’ ओळखणं सोपं असतं: शांत रेघ एकदम मोडते. ‘एस’ अवघड. ती ‘पी’च्या शेपटीत दडून येते. तिथे रेघेची उंचीही वाढते आणि लाटांची दाटीही बदलते, हेलकावे थोडे रुंद होतात. पहिले पन्नास-साठ भूकंप चुकतीलच. माझे चुकले. आमचे मोठे साहेब म्हणायचे, कागद तिरका धरून बघ. खरंच, डोळ्यांच्या पातळीला आणून रेघेच्या दिशेने पाहिलं की ‘एस’ उठून दिसते. आजही मोबाइलचा पडदा मी तसाच तिरका धरतो, घरचे हसतात.

सरावाला नोंदी कुठून आणायच्या? ‘रास्पबेरी शेक’ नावाची छोटी भूकंपमापक यंत्रं जगभरात लोकांनी घरी, शाळांत बसवलीत. त्यांच्या संकेतस्थळावर ती थेट दिसतात, आणि चोवीस तासांची नोंद ड्रमसारखीच ओळीखाली ओळ अशी मांडलेली असते. रोज दहा मिनिटं एकच केंद्र बघा. आठवड्याभरात त्या जागेची चाल कळते: पहाटे रेघ शांत, सकाळी रहदारी सुरू झाली की जाड.

स्वतःचं यंत्र बसवायचं असेल तर

शाळेने असं यंत्र घेतलं तर पहिला हट्ट असतो, मुख्याध्यापकांच्या खोलीत, टेबलावर, पाहुण्यांना दिसेल असं ठेवण्याचा. तसं करू नका. तळमजला हवा, आणि थेट जमिनीवर ओतलेली फरशी हवी. वरच्या मजल्यावर तुम्ही भूकंप नाही, इमारत मोजता. फ्रिज, पाण्याची मोटर, जिना आणि रस्ता यांपासून जितकं लांब तितकं चांगलं. बुडबुड्याने पातळी बघा. फरशीवर चटई नको. वारा लागत असेल तर वरून एखादं खोकं पालथं घाला.

आणि घड्याळ. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं, ते चालू आहे ना एवढं पाहायचं. आमच्या वेळी हे काम आकाशवाणीचं होतं. बातम्यांआधीचे ते पिप-पिप ऐकत घड्याळ सेकंदाच्या किती मागेपुढे आहे ते काढायचं आणि कागदाच्या कडेला लिहायचं. एका पावसाळी सकाळी रेडिओ खरखरत होता, मी ‘नंतर लिहू’ म्हणून सोडलं आणि विसरलो. त्या दिवशी खोऱ्यात धक्क्यांची माळ लागली होती. माझ्या कागदावर सगळे होते, पण वेळेची दुरुस्ती नसल्यामुळे जागा काढायला तो कागद बाजूला ठेवावा लागला. ‘पी’ आणि ‘एस’मधलं अंतर तेवढं वापरता आलं, कारण घड्याळ चुकलं तरी दोघांसाठी सारखंच चुकतं. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी तो कागद माझ्या टेबलासमोर भिंतीला लावला, बस्स.

यंत्र नसेल तर मोबाइलमधला हालचाल मोजणारा भाग ‘फायफॉक्स’सारख्या मोफत अ‍ॅपमधून बघता येतो. फोन फरशीवर ठेवा, दोन हात अंतरावर जमिनीवर टाच आपटा, रेघ उडेल. बारीक धक्के त्यात येत नाहीत, पण आलेख वाचायची सवय होते.

केवढा होता

रिश्टरने १९३५ साली मोजमापाची रीत घातली तेव्हा व्याख्या साधी होती: वुड-अँडरसन नावाच्या यंत्राने १०० किलोमीटरवरून एक मिलिमीटर उंचीची रेघ काढली तर तो भूकंप ३ चा. दहा मिलिमीटर काढली तर ४ चा. एक आकडा वाढला की हेलकावा दहापट, आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. म्हणून ‘रोज छोटे होतात ते बरं, दाब निघून जातो’ हे चहाच्या टपरीवरचं शास्त्र खरं नाही. एका सहाच्या भूकंपाची ऊर्जा काढायला चारचे हजार लागतील. हजार कुठे होतात?

छोट्या भूकंपांना आम्ही वेगळी पट्टी लावतो: रेघ पूर्ववत शांत व्हायला किती सेकंद लागले. कॅलिफोर्नियासाठी १९७२ मध्ये काढलेलं एक सूत्र अजून सरावाला वापरतात: सेकंदांचा लॉग (कॅल्क्युलेटरवरचं log बटण) घ्या, दुप्पट करा, त्यातून ०.८७ वजा करा, आणि अंतराच्या दर किलोमीटरला ०.००३५ मिळवा. रेघ १०० सेकंद हलली आणि अंतर ३० किलोमीटर, तर लॉग २, दुप्पट ४, वजा ०.८७ म्हणजे ३.१३, अधिक सुमारे ०.१. म्हणजे ३.२. चाळीस सेकंदच हलली तर २.४. आपल्या खडकाला हे आकडे थोडे बदलावे लागतात, पण अंदाज चुकीच्या गावाला जात नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या ‘भूकंप’ अ‍ॅपवर काही मिनिटांत अधिकृत आकडा येतो. तो तुमच्या आकड्याशी ताडून बघा. दोन संस्थांच्या आकड्यांत दोन-तीन दशांशांचा फरक पडतो आणि पहिला आकडा नंतर बदलतो. त्याचा अर्थ लपवाछपवी असा नाही. आधी चार केंद्रांच्या नोंदी आल्या, नंतर वीस आल्या, एवढाच.

कुठे झाला

एका केंद्रावरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. म्हणून तीन केंद्रं घ्या. तालुक्याचा नकाशा पसरा, प्रत्येक केंद्रावर परकाराचं टोक ठेवून काढलेल्या अंतराएवढं वर्तुळ काढा. तिन्ही वर्तुळं जिथे भेटतात तिथे भूकंप. प्रत्यक्षात ती एका बिंदूत भेटत नाहीत. मध्ये एक छोटा फुगीर त्रिकोण राहतो. नवशिका इथे निराश होतो आणि खोडरबर शोधतो. खोडू नका, कारण त्या त्रिकोणात भूकंपाची खोली आहे. तुम्ही काढलेलं अंतर तिरपं आहे, जमिनीखालच्या जागेपासूनचं, आणि वर्तुळ काढलंय जमिनीवर. कोयनेचे बहुतेक भूकंप दहा किलोमीटरच्या आतले, म्हणून आमचा त्रिकोण लहान असायचा.

एक सावधगिरी. सगळंच हललेलं भूकंप नसतं. एकदा भर दुपारी लागोपाठ फोन आले, धक्का बसला म्हणून. कागदावर नोंदही होती. पण वेळ जेवणानंतरची, ‘एस’ अगदी मरतुकडी, आणि आजूबाजूच्या प्रत्येक केंद्रावर सुईची पहिली उडी वरच्या दिशेने. खाणीतला सुरुंग असा दिसतो: तो चहूबाजूंनी ढकलतोच, म्हणून सगळीकडे पहिली हालचाल वर. खऱ्या भूकंपात खडक घसरतो, एका बाजूच्या केंद्रांना ढकलतो, दुसऱ्या बाजूच्यांना ओढतो, म्हणून काही ठिकाणी सुई आधी खाली जाते.

वहीत पाणी का लिहायचं

हे कोयनेपुरतं आहे, पण इथे मी थोडा रेंगाळणार.

धरण होण्याआधी हा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जायचा. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं, तसे धक्के सुरू झाले, आणि पाच वर्षांत ६.३ चा भूकंप झाला. त्यानंतर आजपर्यंत इथे ५ च्या वरचे वीसहून जास्त आणि ४ च्या वरचे दोनशेच्या आसपास झाले. हे आकडे नीट बघा: एक आकडा खाली आलात की संख्या साधारण दहापट. जगभर भूकंपांचा हाच हिशेब चालतो. तुमच्या भागात वर्षाला ३ चे किती होतात ते मोजलंत, तर ४ चा किती वर्षांनी अपेक्षित धरायचा याचा ढोबळ अंदाज तुमच्याच वहीतून निघतो.

पाण्याने भूकंप ‘तयार’ होत नाही. जमिनीखालच्या खडकातल्या भेगेवर ताण आधीपासून असतो. साठलेल्या पाण्याचं वजन पडतं आणि खडकाच्या छिद्रांतून पाण्याचा दाब हळूहळू खोल झिरपतो. घट्ट धरलेली भेग त्याने सैल होते. ताण शिगेला पोचलेला असेल तर निमित्त पुरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले डॉ. हर्ष गुप्ता यांनी दाखवलं की पाण्याची पातळी आठवड्याला ४० फुटांहून, म्हणजे सुमारे १२ मीटरहून जास्त वेगाने चढली की ५ च्या भूकंपांची शक्यता वाढते. पातळीने आधीची कमाल ओलांडली तरीही. दक्षिणेला वारणेचं चांदोली धरण १९८५ पासून भरू लागलं, आणि पुढे धक्क्यांचा जोर तिकडेही सरकला.

म्हणून वहीत चार रकाने आखा: आठवडा, धरणाची पातळी (पावसाळ्यात पेपरात रोज येते), धक्क्यांची संख्या, सर्वांत मोठा. दोन पावसाळे गेले की दिसू लागेल: पाणी चढल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात एक उसळी, आणि पाणी उतरायला लागल्यावर डिसेंबरच्या सुमारास दुसरी. दरवर्षी नाही, आणि सारखी नाही. पण ‘कधी’ला जे काही प्रामाणिक उत्तर आहे ते असं दिसतं: हा काळ जास्त शक्यतेचा, तो कमी.

कोयनेत याच्याही पुढे जाण्याचा प्रयत्न झाला. सगळे भूकंप वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात, कमी खोलीवर, आणि आसपास दुसरा भूकंपप्रवण भाग नाही. प्रयोगाला अशी जागा मिळणं दुर्मिळ. मोठ्या धक्क्याआधी छोटे धक्के एका जागी गोळा होतात, ते पाहून मे २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी पंधरा दिवसांच्या आत ४ च्या आसपासचा भूकंप होईल असं आधी लिहून ठेवलं, आणि पाच दिवसांत ४.२ चा झाला. मला त्याचा अभिमान आहे. पण हेही सांगतो, की हे ४ बद्दल होतं, ६ बद्दल नव्हे, आणि एका छोट्या, ओळखीच्या पट्ट्यात होतं. पुढे याच भागातल्या गोठणे गावी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. वरून साधारण साडेबाराशे मीटरपर्यंत काळा बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा जुना, कठीण खडक. भूकंप जिथे जन्मतो त्या खडकाच्या शेजारी जाऊन कान लावायचा, हा त्यामागचा विचार. त्यासाठी कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळाही उभी राहिली.

भाकीत करणाऱ्याची परीक्षा

कुणी भाकीत केलं की विचारा: कुठून कुठपर्यंत, कधीपासून कधीपर्यंत, किती ते किती मोठा? ‘येत्या महिन्यात आशियात ५ चा’ असं म्हणणारा नेहमी बरोबर येतो, कारण आशियात ५ चे महिन्याला कितीतरी होतातच. चौथा प्रश्न महत्त्वाचा: तुम्ही काहीच केलं नसतं तरी हे घडण्याची शक्यता किती होती?

मग लक्षणांचं काय? रेडॉन वायू, विहिरीचं पाणी, ढग, कुत्री? लक्षण तपासायची रीत सांगतो. कागदावर चार चौकोन काढा. लक्षण दिसलं आणि भूकंप झाला. लक्षण दिसलं, भूकंप नाही. लक्षण नाही, भूकंप झाला. दोन्ही नाही. आता रोज रात्री एका चौकोनात एक रेघ मारा. मी हे आमच्या वेधशाळेजवळच्या कुत्र्यांवर केलं. आमचा शिपाई ठामपणे म्हणायचा की धक्क्याच्या आदल्या रात्री ती रडतात. पहिल्या महिन्यातच दुसरा चौकोन भरून वाहायला लागला. कुत्री बिबट्या आला तरी रडत होती, पाऊस आला तरी रडत होती. शिपायाला फक्त पहिला चौकोन आठवायचा. त्याचा दोष नाही, सगळ्यांचंच तसं असतं.

मोठ्या प्रमाणावरही हेच घडलं. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हायचंगला ७.३ चा भूकंप झाला. त्याआधी छोट्या धक्क्यांची रीघ लागली होती, लोकांना घराबाहेर काढलं आणि पुष्कळ जीव वाचले. जगाला वाटलं, सापडलं. पुढच्याच वर्षी २८ जुलैला चीनमधलंच तांगशान शहर कुठलीही अशी रीघ न लागता हादरलं, आणि अधिकृत आकड्याप्रमाणे दोन लाख चाळीस हजारांवर माणसं गेली. अमेरिकेत पार्कफील्ड गावाजवळ १८५७ पासून सरासरी बावीस वर्षांनी ६ च्या आसपासचा भूकंप यायचा, म्हणून १९९३ च्या आत पुढचा येणार असं सांगून गावाभोवती यंत्रांचं जाळं टाकलं. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला. जागा बरोबर, आकार बरोबर, वेळ अकरा वर्षं चुकली. आणि एवढ्या यंत्रांना आधी काही खात्रीशीर लक्षण दिसलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण जास्त बोचणारं आहे. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात धक्के बसले होते. मग थांबले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३:५६ ला, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली असताना, ६.२ चा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मागे वळून पाहिलं की ते आधीचे धक्के इशाऱ्यासारखे दिसतात. आता पालघर बघा. डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्के बसले, लोक थंडीत तंबूत झोपले. मोठ्यात मोठे ४ च्या थोडे मागेपुढे, आणि मोठा भूकंप काही आला नाही. ज्या दिवशी माळ चालू असते त्या दिवशी किल्लारी कोणती आणि पालघर कोणतं, हे कागदावरून ओळखता येत नाही. मी असे पुष्कळ कागद पाहिलेत. दोन्ही सारखेच दिसतात.

तरी माळ लागली किंवा जाणवणारा धक्का बसला तर काय धरून चालायचं? कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून ढोबळ हिशेब असा, की एका धक्क्यामागून थोड्या दिवसांत त्याहून मोठा येण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास. मागून येणारे धक्के पहिल्या दिवशी सर्वांत जास्त, दहाव्या दिवशी साधारण दहावा हिस्सा. हे जपानचे भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्येच मांडलं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस भेगाळलेल्या, दगडमातीच्या घरात झोपू नये, आणि महिनाभर ओसरीत झोपायचीही गरज नाही.

फोनवर येणारा इशारा

हे भाकीत नव्हे. भूकंप सुरू झालेला असतो, फक्त मोठी लाट तुमच्यापर्यंत पोचायची असते. तुम्ही १०० किलोमीटरवर असाल तर ‘एस’ यायला अठ्ठावीस-एकोणतीस सेकंद लागतात. भूकंप जिथे झाला त्याच्या जवळच्या यंत्राला ‘पी’ दोन सेकंदांत कळते, हिशेबाला आणि निरोपाला पाच-सहा गेले, तरी हातात वीस उरतात. तुम्ही २० किलोमीटरवर असाल तर ‘एस’ सहा सेकंदांत दारात, म्हणजे इशारा आणि हिसका बरोबरच. जपानमध्ये ही सोय २००७ पासून सर्वांसाठी आहे; आपल्याकडे उत्तराखंडात २०२१ मध्ये अ‍ॅप आलं, कारण हिमालयातल्या भूकंपाची लाट खालच्या शहरांपर्यंत यायला वेळ घेते. कोयनानगरच्या माणसाला कोयनेच्या भूकंपाचा इशारा जवळपास निरुपयोगी; पुण्याच्या माणसाला थोडा उपयोगी.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, सेफ्टी अँड इमर्जन्सी, अर्थक्वेक अलर्ट्स असं जाऊन चालू आहे का ते आत्ताच बघा. इशारा वाजला तर जिन्याकडे पळू नका. टेबलाखाली बसा, टेबलाचा पाय धरा, डोकं झाका.

धक्का जाणवला तर शांत झाल्यावर आधी वहीत लिहा, ग्रुपवर नंतर. माझ्या वहीत एक ओळ अशी भरते: वेळ सेकंदासकट (फोनमधली, भिंतीवरच्या घड्याळाची नव्हे), गाव, कितवा मजला, बसलो होतो की झोपलो होतो, आवाज आधी आला की हिसका, टांगलेलं काय हललं, मांडणीवरचं काय पडलं. ‘खूप जोरात’ असं लिहू नका, त्याचा कुणाला उपयोग नाही. ‘तळमजला, झोपलो होतो, जाग आली, पितळी डबे वाजले, पंखा हलला नाही’ असं लिहा आणि तेच अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या ‘डिड यू फील इट’ या पानावर भरा. ज्या गावात यंत्र नाही तिथली जमीन किती हलली, हे शास्त्रज्ञ अशाच ओळींवरून काढतात. आणि जाणवला नसेल तर तेही लिहा. शेजारच्या गावाला जाणवला आणि तुम्हाला नाही, ही ओळ बहुतेक कुणी पाठवतच नाही.